शेल्टरवाले कुत्री नेत नाहीत, मग त्यांचा उपयोग काय?

पत्राचा सारांश: ठाण्यात घोडबंदर रोडवर कासारवडवलीजवळच्या एका मोठ्या सोसायटीच्या सचिवांचं हे पत्र आहे. आवारात ११ कुत्री आणि ४ मांजरं आहेत. जानेवारीच्या अखेरीस बेसमेंटच्या रॅम्पपाशी सातवीतल्या एका मुलाच्या पोटरीला कुत्रा चावला. "रॅम्पखाली आठवडाभरापूर्वीच एका कुत्रीने पिल्लं घातली होती, तीच चावली," असं बाईंनी जाता जाता लिहिलं आहे. ती आजही तिथेच आहे. सभेत आरडाओरडा झाला आणि 'सगळी कुत्री शेल्टरला पाठवा' असं ठरलं. बाईंनी दोन रेस्क्यू संस्थांना फोन केला. दोघांनी नकार दिला आणि उलट नसबंदीसाठी सोसायटीचं सहकार्य मागितलं. एका सभासदाने "पन्नास हजार देऊ, पण घेऊन जा" असा प्रस्ताव ठेवला, तरी नकारच. आता कुणीतरी एक 'पकडणारा' सुचवला आहे, तो रात्रीत काम करून देतो म्हणे. बाईंची मुलगी त्याच कुत्र्यांना रोज खायला घालते, त्यामुळे घरातही धुसफूस आहे. त्या विचारतात, "जनावरं ठेवून घ्यायची नसतील तर या संस्थांचा समाजाला उपयोग काय? आणि त्या माणसाला बोलवू का?"

नमस्कार ताई,

त्या माणसाला बोलावू नका. कारण पुढे येईलच, पण आधी त्या मुलाबद्दल.

चावा होऊन तीन आठवडे झाले आहेत, म्हणजे २८व्या दिवसाचं इंजेक्शन अजून व्हायचं असेल. रेबीजची लस सरकारी दवाखान्यात कातडीत देतात, तिचे दिवस ०, ३, ७ आणि २८ असतात. दंडात स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४ आणि २८. शेवटचा डोस बरेच लोक विसरतात, कारण तोवर जखम भरलेली असते. आज त्यांच्या घरी जा आणि कार्ड बघा. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात ही लस मिळते. एक दिलासा त्या आई-वडिलांना तुम्ही देऊ शकता. चावलेली मादी आजही रॅम्पखाली आहे आणि पिल्लांना पाजते आहे असं तुम्ही लिहिता. चावल्यानंतर १० दिवस कुत्रं धडधाकट राहिलं, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू नव्हता असं धरतात. तरीही उरलेला डोस घ्यायचा की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं, परस्पर थांबवायचं नाही.

इतर वाचकांसाठीही सांगते. चावल्याबरोबर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावून धुवा, कारण दोन मिनिटांनीच आपल्याला वाटतं की झालं. हळद, चुना, तिखट, कॉफी काही लावू नका. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) लागतं. ते पहिल्याच दिवशी द्यायचं असतं, राहिलं तर लस सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत. कुत्रा दहा दिवस बघू आणि मग लस घेऊ, हे कधीही करू नका.

आता तुमचा प्रश्न. शेल्टर म्हणजे नको असलेली जनावरं ठेवून घेणारी जागा, हे तुम्ही गृहीत धरलं आहे. तुमच्या सभेतल्या जवळजवळ सगळ्यांनीच धरलं असणार. त्यामुळे नकार आला तेव्हा तो कामचुकारपणा वाटला. थोडा हिशेब करून बघू.

एका पिंजऱ्यात एक कुत्रा कायमचा ठेवला, तर त्या पिंजऱ्याने वर्षभरात एका कुत्र्याची सोय केली. कुत्रा दहा-बारा वर्षं जगतो, तेवढी वर्षं ती जागा अडकली. त्याच पिंजऱ्यात नसबंदी झालेला कुत्रा पाच दिवस ठेवला, सहाव्या दिवशी पिंजरा धुऊन वाळवला आणि पुढचा घेतला, तर वर्षात साठ कुत्र्यांचं काम होतं. तुमची ११ कुत्री आत घेतली असती तर ११ पिंजरे दशकभर बंद झाले असते, आणि गाडीखाली आलेला, पाय मोडलेला कुत्रा घेऊन कुणी आलं असतं तर त्याला 'जागा नाही' सांगावं लागलं असतं. तुमच्या पन्नास हजारांचंही तसंच. ११ कुत्री, दहा वर्षं, म्हणजे एका कुत्र्यामागे महिन्याला साधारण ३८ रुपये. त्यात एका आठवड्याचा भातही होत नाही.

आणि समजा घेतली असती, तरी तुमच्या कुत्र्यांचं भलं झालं नसतं. गच्च भरलेल्या शेल्टरमध्ये पार्व्हो आणि डिस्टेंपर हे दोन आजार आगीसारखे पसरतात. लस न झालेली पिल्लं तर तिथे नेऊच नयेत. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो आणि साध्या फिनाईलने मरत नाही, त्याला ब्लीच लागतं. जागा बदललेला कुत्रा अनोळखी टोळीत खात नाही, भांडतो. जागा भरल्यावर 'नाही' म्हणणारी संस्था जबाबदार आहे, एवढं त्या नकारातून समजा. जी संस्था पैसे घेऊन कितीही जनावरं घ्यायला तयार होते, तिथे आत काय चाललंय हे आधी जाऊन बघावं.

कायदाही त्यांच्याच बाजूने आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे रस्त्यावरचा कुत्रा पकडायचा, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि जिथून उचलला तिथेच परत सोडायचा. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात हेच तत्त्व कायम ठेवलं. रेबीज झालेला, रेबीजचा संशय असलेला किंवा आक्रमक कुत्रा मात्र परत सोडायचा नाही. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ ला शाळा-कॉलेजं, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री उचलून परत तिथे न सोडण्याचा आदेश आला. त्या यादीत गृहनिर्माण सोसायट्या नाहीत. हा विषय न्यायालयात हलता आहे, म्हणून ठराव लिहिण्याआधी वकील सभासदाकडून ताजा आदेश बघून घ्या.

आता तो रात्रीचा माणूस. तो कुत्री मारेल किंवा दूर नेऊन सोडेल, तिसरं काही करणार नाही. प्राण्याला मारणं किंवा विष घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. ठरावावर किंवा व्हॉट्सअॅपवर तुमचं नाव असेल तर तो गुन्हा तुमच्याही दारात येतो. दूर सोडायचं म्हटलं तर आपल्याकडे सोयीचं 'दूर' म्हणजे येऊरचा पायथा किंवा गायमुखच्या पुढचं जंगल. तिथे बिबटे आहेत आणि त्यांच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा मोठा असतो. पायथ्याशी कुत्री वाढली की बिबट्या वस्तीजवळ येतो. शिवाय कुत्र्यांचा डिस्टेंपर जंगली प्राण्यांना होतो. २०१८ साली गीरमध्ये सिंह मेले तेव्हा त्यांच्यात तो विषाणू सापडला होता.

आणि एवढं करून तुमचं आवार रिकामं राहणार आहे का? आजूबाजूला बघा. कासारवडवलीपासून ओवळ्यापर्यंत टॉवरांची कामं चालू आहेत. प्रत्येक साइटवर वॉचमन राखणीला दोन-चार कुत्री पोसतो, त्यांना पिल्लं होतात. इमारत पूर्ण झाली की कामगार पुढच्या साइटवर जातात आणि कुत्री गेटपाशी उरतात. नव्या सोसायटीत राहायला आलेल्यांना वाटतं ही बाहेरून आली, खरं तर ती त्यांच्या आधीपासून तिथे असतात. तुमच्या ११ जणांची जागा मोकळी झाली की हीच शेजारची, नसबंदी न झालेली, लस न झालेली कुत्री काही महिन्यांत तिथे येतील. ओल्या कचऱ्याचे डबे उघडे असतील तर आणखी लवकर. आज तुम्हाला निदान माहीत आहे की कुठली कुत्री कुणाला ओळखते.

मग या संस्थांचा उपयोग काय, हा तुमचा मुख्य प्रश्न. त्यांचं बरंचसं काम आपल्याला दिसत नाही, कारण ते नीट झालं की काहीच घडत नाही. एक उदाहरण जवळून बघू.

पावसाळ्यात एखादा कुत्रा मान वाकडी करून एकसारखा डोकं झटकताना दिसतो. जवळ गेलं की कुजका वास येतो. कानामागे छोटी जखम असते, वरून रुपयाएवढी दिसते, आत मात्र बोगदा. माशीने त्यात अंडी घातलेली असतात आणि एका दिवसाच्या आत अळ्या बाहेर येऊन मांस खाऊ लागतात. हा कुत्रा वेदनेने वेडा झालेला असतो. त्याच्या अंगाला मुलाचा हात लागला तर तो चावणार, मग तो एरवी कितीही गरीब असो. लोक वरून फिनाईल, पेट्रोल किंवा रॉकेल ओततात. त्याने मांस भाजतं, वरच्या अळ्या मरतात, आतल्या आणखी खोल जातात आणि कुत्रा पुढच्या वेळी माणूस दिसला की दात दाखवतो. रेस्क्यूवाले त्याचं तोंड पट्टीने बांधतात, अळ्या मारणारं औषध घालतात, चिमट्याने एकेक बाहेर काढतात, जखम धुतात, आणि हे चार-पाच दिवस रोज करतात. पंधरवड्याने तोच कुत्रा तुमच्या गेटवर झोपलेला दिसतो. एक चावा टळला, पण त्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

रेबीजचंही तसंच आहे. एखाद्या भागातल्या १० पैकी ७ कुत्र्यांना लस झालेली असेल तर रेबीज त्या भागात पसरू शकत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती सात कुत्री पकडून, टोचून, नसबंदीची खूण म्हणून कानाला खाच पाडून परत आणणारे हात याच लोकांचे असतात, महापालिकेच्या कंत्राटावर किंवा स्वतःच्या खर्चाने. घर बदलताना मागे सोडलेली पर्शियन मांजरं आणि लॅब्रॅडोर, मकरसंक्रांतीला मांज्यात अडकलेल्या घारी, हेही त्यांच्याच वाट्याला येतं. साप, घार, माकड, पोपट असा कुठलाही वन्यजीव असेल तर मात्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा. जखमी पोपटही घरी ठेवून घेता येत नाही, तो गुन्हा आहे.

आता तुमच्या आवाराकडे येऊ. तुम्ही जाता जाता लिहिलेलं ते एक वाक्य, पिल्लं रॅम्पखाली होती हे, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. व्यालेली मादी पहिले पाच-सहा आठवडे पिल्लांच्या दहा-पंधरा फुटांत धावत येणाऱ्या कुणालाही शत्रू समजते. मुलगा सायकलवर होता की बॉलमागे पळत होता, हे त्याला विचारा. ११ कुत्र्यांचा प्रश्न म्हणून सभेत जे मांडलं गेलं, तो बहुधा एका मादीचा आणि एका कोपऱ्याचा प्रश्न आहे. आजच रॅम्पचा तो भाग दोन बॅरिकेड आणि हिरव्या जाळीने बंद करा, मुलांसाठी दुसऱ्या बाजूचा रस्ता ठेवा, वॉचमनला बजावा. पिल्लं उचलून दुसरीकडे ठेवू नका. मादी त्यांना शोधत सगळ्या विंग पालथ्या घालेल आणि जास्त चिडेल.

पिल्लं आता महिन्याची आहेत. पिल्लं दोन महिन्यांची होईपर्यंत आईची नसबंदी करत नाहीत, म्हणून मार्चच्या तिसऱ्या आठवड्याआधी तिला पकडा असा हट्ट कुणाकडे धरू नका. दरम्यान पिल्लांना जंताचं औषध आताच द्यायला हवं, आणि सहा ते आठ आठवड्यांत पार्व्हो-डिस्टेंपरची पहिली लस. तीन-चार आठवड्यांनी दुसरी, तीन महिन्यांनंतर रेबीजची. दत्तक द्यायची असतील तर दोन महिन्यांनंतर. घेणाऱ्याचं घर बघा, ओळखपत्राची प्रत घ्या, सहा महिन्यांनंतर नसबंदी करण्याचं लेखी घ्या, आणि गॅलरीला जाळी आहे का हेही. 'फार्महाऊसला राखणीला हवंय' म्हणणाऱ्याला मादी पिल्लू देऊ नका, वर्षभरात तिथे दुसरी टोळी तयार होते.

बाकीच्या दहा कुत्र्यांसाठी पहिलं काम मोजणीचं. सकाळी सहाला, माणसांची वर्दळ सुरू होण्याआधी, लागोपाठ दोन दिवस फिरा. प्रत्येकाचे दोन्ही बाजूंनी फोटो, नर की मादी, कानाला खाच आहे का, कुठल्या विंगजवळ बसतो, कोण खायला घालतं. हे काम तुमच्या मुलीइतकं चांगलं कुणी करणार नाही, तिला मान देऊन सांगा. खाच असलेल्यांची नसबंदी झालेली आहे, त्यांना फक्त दरवर्षीची रेबीजची लस हवी. बऱ्याच सोसायट्यांत 'पंधरा-वीस कुत्री' म्हणतात आणि मोजल्यावर नसबंदी राहिलेली तीन-चारच निघतात. त्यातल्या माद्या आधी. गर्भ साधारण ६३ दिवसांचा असतो, एका वेळी चार-सहा पिल्लं होतात, म्हणून एक मादी राहिली तरी वर्षभराची मेहनत वाया जाते.

ही यादी फोटोंसह सोसायटीच्या लेटरहेडवर लावून महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाकडे अर्ज करा आणि प्रत माजिवडा-मानपाडा प्रभाग समितीला द्या. पोच घ्या, तारखेचा शिक्का बघून घ्या. नवी मुंबईच्या वाचकांनी हद्द तपासावी. दिघा-ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत नवी मुंबई महापालिका, पण खारघर, कामोठे, कळंबोली हे पनवेल महापालिकेत येतं. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज महिनाभर नुसता पडून राहतो.

कुत्री पकडायची गाडी येण्याच्या आदल्या रात्रीपासून कुणी खायला घालायचं नाही. भुकेला कुत्रा ओळखीच्या माणसाकडे येतो आणि भूल देताना पोट रिकामं असतं. सर्वाधिक काम इथेच बिघडतं. चौथ्या मजल्यावरचे काका पहाटे बिस्किटं टाकतात, कुत्री पांगतात आणि गाडी रिकामी जाते. खायला घालणारे दोघे-तिघे खाली हजर हवेत, गेट बंद, वॉचमनने शिट्ट्या मारायच्या नाहीत. पकडायला हात किंवा जाळंच वापरायचं, तारेचे फास आणि चिमटे नाहीत. प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात नंबर घातला की फोटो काढा आणि त्याच नंबरची पावती मागा. परत आणतील तेव्हा बघा की त्याच जागी सोडला, कानाला खाच आहे, टाका कोरडा आहे, सूज नाही आणि तो खातो आहे. टाक्यातून पाणी किंवा रक्त येत असेल तर त्याच दिवशी फोन करा, दोन दिवस वाट बघू नका. लसीच्या तारखेचा कागद मागून फाइलला लावा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा लस, ही जबाबदारी सोसायटीची.

मांजरांचं थोडक्यात: ती हाताने पकडू नका, ट्रॅप केज (सापळ्याचा पिंजरा) लागतो, संस्थेकडून दोन दिवस उसना मिळतो. आणि मांजराला माणसांचं पॅरासिटामॉल कधीच देऊ नका, एका गोळीने मरतं.

खायला घालण्यावरून होणारी भांडणं जागेची आणि वेळेची असतात. प्राणी जन्म नियंत्रण नियमांतल्या नियम २० प्रमाणे ही जागा ठरवणं सोसायटीचं काम आहे. खेळाचं मैदान, जिने, येण्याजाण्याची दारं यांपासून लांब आणि मुलं-म्हाताऱ्यांची वर्दळ नसलेली वेळ. तुमच्याकडे सबस्टेशनच्या मागची भिंत किंवा तसा कोपरा असेल. सकाळी साडेसहा आणि रात्री दहा. मध्यम आकाराच्या देशी कुत्र्याला दिवसाला साधारण अर्धा किलो शिजलेलं अन्न पुरतं, भात आणि कोंबडीचं मांस, मीठ-मसाला-कांदा-लसूण नाही, शिजलेली हाडं नाहीत. वीस मिनिटांनी भांडी उचलायची, जागा धुवायची. रोज बिस्किटांचे पुडे देणाऱ्यांना प्रेमाने थांबवा, त्यात साखर आणि मैद्याशिवाय काही नसतं. ओल्या कचऱ्याला झाकणाचे डबे हवेत. खाणं एका जागी, ठरल्या वेळी मिळालं की कुत्री पार्किंगमध्ये पिशव्यांच्या मागे धावत नाहीत. वाद मिटलाच नाही तर याच नियमात प्राणी कल्याण समितीची तरतूद आहे. तिच्यात पशुवैद्यकीय अधिकारी, पोलीस, संस्था, तक्रारदार आणि सोसायटी सगळे बसतात.

पन्नास हजारांबद्दल. ज्यांनी देऊ केले त्यांना परत पाठवू नका, त्यांची तळमळ खरी आहे. थोडा भाग तुमच्याच कुत्र्यांच्या लसी, जंताचं औषध आणि गळ्यातल्या रात्री चमकणाऱ्या पट्ट्यांसाठी ठेवा. घोडबंदर रोडवर अंधारात मरणाऱ्या कुत्र्यांना त्या पट्ट्या वाचवतात. उरलेले संस्थेच्या दवाखान्याला द्या, पण जाऊन बघून. संस्थेला ८०जी (देणगीवर आयकर सवलत) आहे का, हिशेब तपासलेला आहे का, नसबंदी करत असेल तर भारतीय पशु कल्याण मंडळाची मान्यता आहे का हे विचारा. आत गेल्यावर पाण्याची भांडी बघा, आजारी जनावरांसाठी वेगळी खोली आहे का, डॉक्टर रोज किती वेळ असतात, आलेल्या आणि मेलेल्या जनावरांची नोंदवही दाखवतात का. मेलेल्यांची नोंद मोकळेपणाने दाखवणाऱ्या संस्थेवर मी जास्त विश्वास ठेवीन. पत्ता न सांगणारे, वैयक्तिक नंबरवर पैसे मागणारे आणि महिनोन् महिने त्याच जखमी कुत्र्याचा फोटो फिरवणारे, यांना एक रुपयाही देऊ नका. वस्तू द्यायच्या तर जुन्या सुती चादरी, टॉवेल, वर्तमानपत्रं, गोणपाट, हातमोजे, ब्लीच. उशा-गाद्या नकोत, कुत्री कापूस गिळतात. मुदत संपलेली औषधंही नकोत.

पैशांपेक्षाही संस्थांना एक गोष्ट कमी पडते, ती म्हणजे जागा. सायकल स्टँडच्या कडेला सहा फूट बाय चार फुटांची कोरडी, दार असलेली, हवा येणारी जागा तुम्ही दिलीत, तर तुमच्याच आवारातला जखमी कुत्रा उपचारानंतरचे काही दिवस तिथे काढू शकतो आणि शेल्टरमधला एक पिंजरा मोकळा राहतो. लाकडी पॅलेट, त्यावर गोणपाट, दोन भांडी आणि कुलूप, एवढंच लागतं. जवळ जाणाऱ्या दोघा-तिघांनी रेबीजची आगाऊ लस डॉक्टरांना विचारून घेऊन ठेवावी.

सभेबद्दल एकच सांगते. घाबरलेल्या लोकांना निर्दयी म्हणू नका. पोटरीला चावा बसलेल्या मुलाची आई कुत्र्यांची शत्रू नाही, ती घाबरली आहे. सभेआधी तिच्याकडे जा, मुलीला बरोबर न्या, रॅम्प बंद केल्याचं दाखवा. आणि स्पष्ट सांगा की एखादा कुत्रा डिवचल्याशिवाय पुन्हा पुन्हा चावत असेल, तर त्याला पाठीशी घालणार नाही, महापालिकेला लेखी कळवून निरीक्षणाखाली पाठवू. मुलीनेही हे मान्य करायला हवं. ठराव असा लिहिता येईल:

"आवारातील सर्व कुत्र्यांची छायाचित्रांसह नोंद करून नसबंदी व रेबीज लसीकरणासाठी ठाणे महानगरपालिकेकडे अर्ज करावा. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ मधील नियम २० नुसार अन्न देण्याची जागा व वेळ निश्चित करून फलक लावावा. चाव्याची प्रत्येक घटना जागा, वेळ व परिस्थितीसह कार्यालयातील वहीत त्याच दिवशी नोंदवावी. तीन महिन्यांनी आढावा सभेपुढे ठेवावा. आधीचा ठराव रद्द समजावा."

शेवटचं वाक्य गाळू नका, नाहीतर जुना ठराव दाखवून कुणीतरी त्या माणसाला बोलावेल. पकडायच्या गाडीला नंबर लागतो, त्यामुळे पिल्लं दोन महिन्यांची होण्याची वाट न बघता अर्ज याच आठवड्यात द्या आणि त्यात आईच्या नावापुढे 'मार्चच्या तिसऱ्या आठवड्यानंतर' असं लिहा.